तीन फुल्यांची सवय आणि एका फुलीची निवडणूक

तुम्ही मूळचे पुण्याचे, तीन वर्षांपासून नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये एबेनला, राहायला कात्र बोर्नला. ऑफिसात 2017 च्या पोटनिवडणुकीचा विषय निघाला आणि तुम्हाला तीन प्रश्न पडले. मॉरिशसमध्ये एका मतदारसंघातून तीन सदस्य निवडून जातात. मग त्यातला एक गेला तर चौथ्या क्रमांकाच्या उमेदवाराला का घेत नाहीत, पुन्हा निवडणूक कशाला? अशा निवडणुकीच्या निकालावरून सरकारची हवा ओळखता येते का? आणि तिसरा तुम्ही जरा बिचकतच विचारलात: भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं हे खरं का?

आधी माझ्याबद्दल थोडं. माझे पणजोबा रत्नागिरीकडचे. मी जन्माने इथलाच, शिकायला काही वर्षं पुण्यात होतो, नंतर नोकरीभर शाळेत मराठी शिकवलं. निवडणूक आली की आम्हा शिक्षकांची मतदान केंद्रावर ड्यूटी ठरलेलीच असे. निवृत्तीनंतर एकदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो, उमेदवाराचा एजंट म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं कायद्याच्या पुस्तकातून कमी आणि केंद्रावरच्या बाकावरून जास्त आलेलं आहे, हे धरून वाचा.

तुमचे प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि तुमच्या ऑफिसातल्या इथल्या मित्रांनीही ती सांगितलेली दिसत नाही. मॉरिशसची सार्वत्रिक निवडणूक आणि पोटनिवडणूक या एकाच निवडणुकीच्या मोठ्या आणि छोट्या आवृत्त्या नाहीत. दोन्हींत मतदार तोच, शाळा तीच, पण खेळ वेगळा.

तुम्हाला पुणे महापालिकेचा चार सदस्यांचा प्रभाग आठवत असेल. तिथे अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा, प्रत्येकीची लढत वेगळी. इथे तसं नाही. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ आणि प्रत्येकात तीन जागा, पण मतपत्रिका एक आणि उमेदवारांची यादीही एकच. मतदाराने तीन फुल्या मारायच्या. दोन मारल्या तरी मत बाद, चार मारल्या तरी बाद. ज्यांना सर्वांत जास्त मतं पडतील ते पहिले तीन निवडून आले. असे 60, रॉड्रिग्ज बेटाचे दोन, म्हणजे 62 निवडलेले सदस्य. त्यावर जास्तीत जास्त आठ 'बेस्ट लूझर', म्हणजे हरलेल्यांतून समाजांचं संतुलन राखायला घेतलेले. 1967 च्या निवडणुकीपासून हा सांगाडा असाच आहे.

तीन फुल्यांचा परिणाम असा की प्रत्येक मोठा पक्ष किंवा आघाडी प्रत्येक मतदारसंघात तिघांचं पॅनेल देते, आणि पॅनेल बांधणं हीच इथली खरी राजकीय कारागिरी. हिंदीभाषक हिंदूंतला कोण, मुस्लिम कोण, तमिळ किंवा तेलुगू कोण, क्रिओल समाजातला कोण, हा हिशेब तिकीटवाटपाच्या आधी महिनोन् महिने चालतो. पक्षाच्या तिन्ही उमेदवारांना एकगठ्ठा मत देणं म्हणजे 'व्होट ब्लॉक', आणि फुल्या वेगवेगळ्या पक्षांत वाटणं म्हणजे 'कुपे-त्रांशे'. हे दोन शब्द तुम्ही चहाच्या टपरीवर नक्की ऐकले असतील. आपल्या मराठी समाजाला तिकीट मिळालं तर ते बहुधा याच वाटेने. आपली वस्ती वाक्वा, कास्काव्हेल, ब्लॅक रिव्हरकडे एकवटलेली. 14 नंबरच्या मतदारसंघात, सावान–ब्लॅक रिव्हरसारख्या ठिकाणी तिघांत एक मराठी नाव असावं, असं पक्षांना वाटतं. एकट्याच्या बळावर ते नाव कुठेच निवडून येणार नाही, पण पॅनेलच्या गाडीत त्याची एक सीट असते.

आता त्यातली एकच जागा रिकामी झाली असं समजा. इथे तिच्या निवडणुकीला 'पार्सियेल' म्हणतात. जागा एक, फुली एक. पॅनेल संपलं. पक्षाला तीन समाजांना तीन तोंडं दाखवता येत नाहीत, एकच तोंड दाखवायचं असतं. मतदारालाही दोन फुल्या पक्षाला आणि एक ओळखीच्याला, अशी सोय उरत नाही.

2009 ला मोका–कार्तिये मिलितेरच्या पोटनिवडणुकीत मी एका शाळेत ड्यूटीवर होतो. एक म्हातारी मतपत्रिका हातात घेऊन परत टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाबा, उरलेल्या दोन फुल्या कुठे मारू?" आम्ही एकच सांगितलं, आजी, आज एकच. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. एवढी वर्षं तीन फुल्या मारायची सवय, त्यात एका फुलीचा निर्णय जड जातो.

तर तुमचा पहिला प्रश्न: चौथ्याला का घेत नाहीत? कारण चौथा कोण, हे पाहिलं की उत्तर मिळतं. एखाद्या पक्षाचे तिन्ही उमेदवार निवडून आले असतील तर चौथा हा बहुधा विरोधी पॅनेलमधला पहिला. म्हणजे सत्ताधाऱ्यांचा एक सदस्य वारला की जागा आपोआप विरोधकांकडे. मतदारांनी ज्यांना हरवलं त्यांच्या पदरात मृत्यूमुळे जागा पडली, तर लोक काय म्हणतील विचार करा. म्हणून निवडून आलेल्याची जागा निवडणुकीनेच भरायची. गंमत म्हणजे बेस्ट लूझरची जागा रिकामी झाली तर मात्र निवडणूक होत नाही. तिथे इलेक्टोरल सुपरव्हायझरी कमिशन त्याच समाजातला, त्याच पक्षाचा, सर्वांत जास्त मतं मिळवूनही हरलेला उमेदवार शोधून त्याला ती जागा देतं. नेमणुकीने मिळालेली जागा नेमणुकीने, मतांनी मिळालेली मतांनी. इथे तर्क सरळ आहे.

याला जोडूनच एक बारीक गोष्ट. सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवाराने आपण हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे की 'जनरल पॉप्युलेशन' (म्हणजे या तिन्हींत न बसणारे) हे जाहीर करायचं अशी राज्यघटनेची अट आहे, आणि बेस्ट लूझरचा हिशेब अजून 1972 च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारलाच गेला नाही. या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2012 मध्ये ठपका ठेवला, तेव्हा 2014 पुरती सूट देण्यात आली. घटनेत मात्र ती अट 'सार्वत्रिक निवडणुकीतल्या' उमेदवाराला आहे. पार्सियेलला बेस्ट लूझर नाही, म्हणून समाज जाहीर करण्याचंही कारण नाही. कागदावरून समाज जातो. गल्लीत तो कुठेही जात नाही, उलट सगळं वजन एकाच नावावर आल्यामुळे लोक त्या नावाकडे जास्तच निरखून पाहतात. आपल्यासारख्या छोट्या समाजाला तिथे जागाच उरत नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग मी 1970 कडे नव्याने पाहिलं. तेव्हा स्वातंत्र्याला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. त्रिओले–पाँप्लमूस हा खुद्द पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचा मतदारसंघ. तिथल्या एका सदस्याच्या निधनानंतर 21 सप्टेंबर 1970 ला पोटनिवडणूक झाली, आणि वर्षभरापूर्वीच जन्मलेल्या एम.एम.एम. या पक्षाचा देव विरासामी हा तरुण निवडून आला. हा मुलगा तेलुगू समाजातला, आणि मतदारसंघ हिंदीभाषक हिंदूंचा बालेकिल्ला. तीन फुल्यांच्या निवडणुकीत एम.एम.एम.ला तिथे तिघांचं पॅनेल बांधायला माणसं शोधावी लागली असती आणि पंतप्रधानांच्या पॅनेलसमोर ते वाहून गेलं असतं, असं माझं मत. एका फुलीत लोकांना एकच प्रश्न विचारला गेला, तुम्ही खूश आहात का. लोकांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणजे एक फुली छोट्या समाजाला बाहेरही ठेवते आणि राग पुरेसा असेल तर वरही उचलते. यातलं काय होईल ते त्या वेळच्या रागावर ठरतं, आणि राग आधी मोजायचं यंत्र कोणाकडे नाही.

इथवरचं थोडक्यात: जागा निवडणुकीनेच भरते, पण ती निवडणूक पॅनेलशिवायची असते, म्हणून तिचा निकाल सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालाशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही. आता दुसरा प्रश्न, हवा ओळखण्याचा.

मी निकाल वाचताना सगळ्यांत आधी जागा का रिकामी झाली हे पाहतो. मृत्यू, राजीनामा, कोर्ट, किंवा सदस्य राष्ट्राध्यक्ष झाला, या चार कारणांनी चार वेगळ्या निवडणुका होतात. 2003 मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांची 7 नंबर पितॉन–रिव्हियेर द्यु राँपारची जागा सुटली, आणि डिसेंबरमध्ये ती विरोधी मजूर पक्षाच्या राजेश जीताह यांनी जिंकली. ज्या घरात जगन्नाथांचं राज्य तिथूनच सत्ताधारी हरले. पुढे 2005 ला मजूर पक्ष सत्तेवर आला. या एका उदाहरणावरून लोक म्हणतात, पार्सियेल म्हणजे हवेचा कोंबडा.

2009 चं प्रकरण मात्र कोर्टातून आलं होतं. आशोक जगन्नाथ हे 2005 ला 8 नंबर, म्हणजे मोका–कार्तिये मिलितेरमधून निवडून आलेले. त्याआधी ते आरोग्यमंत्री होते. निवडणुकीच्या तोंडावर आरोग्य खात्यातली भरती आणि मुस्लिम दफनभूमीसाठी जमिनीचं आश्वासन ही मतदारांना दिलेली लाच ठरवून सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये त्यांची निवड रद्द केली, आणि नोव्हेंबर 2008 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती शिक्कामोर्तब केली. (हो, आमचं शेवटचं अपील अजूनही लंडनलाच जातं.) 1 मार्च 2009 च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले, आणि समोर पुतण्या, प्रविंद जगन्नाथ. प्रविंद 2005 ला हरून विधानसभेबाहेर होते, त्यांना आत यायला दार हवं होतं. कालपर्यंत ज्यांच्याशी वैर होतं त्या सत्ताधारी मजूर पक्षाने त्यांना पाठिंबा दिला आणि पुतण्या जिंकला. काका-पुतण्यांची लढाई महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. पण सांगा, या निकालातून सरकारची हवा कशी वाचायची? लोक सरकारवर खूश होते की पुतण्यावर, की एका घरातली भांडणं संपवायला निघाले होते? मी दिवसभर त्या केंद्रावर होतो, तरी छातीठोक सांगता येणार नाही.

आणि आता तुमच्या ऑफिसातला विषय, 2017. बेल रोज–कात्र बोर्न, 18 नंबर. रोशी भदैन आधी मंत्री होते, नंतर सरकारबाहेर पडले आणि मेट्रो एक्स्प्रेस या रेल्वे प्रकल्पाच्या विरोधात जून 2017 मध्ये जागाच सोडली. त्यांचं म्हणणं असं की पोटनिवडणूक म्हणजे मेट्रोवरचं सार्वमत होऊ दे. इथे तीन गोष्टी झाल्या. पहिली, तारीख त्यांच्या हातात नव्हती. पोटनिवडणुकीचा आदेश राष्ट्राध्यक्ष काढतात, पण पंतप्रधानांच्या सल्ल्याने, आणि मतदान झालं थेट 17 डिसेंबरला. सहा महिन्यांत कुठलाही राग निवतो. दुसरी, प्रविंद जगन्नाथ यांच्या सत्ताधारी एम.एस.एम. पक्षाने उमेदवारच दिला नाही. सार्वमताला 'हो' म्हणणारी बाजूच मैदानात नाही, मग सार्वमत कसलं? तिसरी, एकाच जागेसाठी चाळीसच्या घरात उमेदवार उभे राहिले आणि मतदान निम्म्याच्या थोडंच वर गेलं, जिथे सार्वत्रिक निवडणुकीत तीन-चतुर्थांशांच्या आसपास होतं. निवडून आले मजूर पक्षाचे आर्विन बुलेल, जे 2014 ला हरून घरी बसले होते. ज्यांनी जागा रिकामी केली ते भदैन हरले. मेट्रो आज तुमच्या घराजवळूनच जाते.

त्या डिसेंबरात मी एका उमेदवारासाठी दारोदार फिरलो. नाव सांगत नाही, तो हरला. घरांत मेट्रोचं नाव कोणी फारसं काढत नव्हतं. लोक विचारायचे, "बाकी मंत्री कुठे गेले?" एवढंसं बेट, एक शहर, त्यात सगळ्या विरोधी पक्षांचे नेते रोज संध्याकाळी हजर, आणि सरकारचा मात्र एकही चेहरा नाही. ज्यांना सरकारला मत द्यायचं होतं ते घरीच राहिले. म्हणून मी तेव्हाही म्हणत होतो, विजेत्याची टक्केवारी बघू नका, आकडा बघा, आणि तो त्याच पक्षाच्या मागच्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या आकड्याशी लावताना हेही आठवा की तेव्हा प्रत्येक मतदाराकडे तीन मतं होती. निकालानंतर मजूर पक्षाच्या बाजूने मोठा जल्लोष झाला, मजूर पक्ष परत आला असं सगळ्यांनी लिहिलं. नोव्हेंबर 2019 ला जिंकले ते ज्यांनी उमेदवारच दिला नव्हता तेच, प्रविंद जगन्नाथ. पुणेकरांनी हे नंतर आपल्याकडे पाहिलंच आहे: मार्च 2023 ला कसब्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे धंगेकर जिंकले तेव्हा केवढी चर्चा, आणि नोव्हेंबर 2024 ला तिथेच भाजपच्या रासने यांनी त्यांना हरवलं.

तेव्हा हवा ओळखता येते का, याचं माझं उत्तर: सत्ताधारी स्वतः मैदानात असतील, जागा अपघाताने रिकामी झाली असेल आणि सार्वत्रिक निवडणूक दोन वर्षांच्या आत असेल, तर थोडीफार येते. सत्ताधारी बाजूला बसले तर नाही. राजीनामा देऊन तोच माणूस पुन्हा उभा राहिला तर ते त्याच्या एकट्याच्या वजनाचं माप असतं. 1995 च्या सुरुवातीला एम.एम.एम.चे नेते पॉल बेराँजे यांनी हाच डाव खेळला, रोझ हिलची जागा सोडली आणि परत जिंकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांची मजूर पक्षाबरोबरची आघाडी बेटावरच्या साठच्या साठ जागा घेऊन गेली. पण रोझ हिल म्हणजे त्यांचं अंगण. भदैन यांनी तोच डाव अंगणाबाहेर खेळला.

कधी कधी पार्सियेल होतच नाही. 2024 मध्ये 10 नंबरची एक जागा राजीनाम्याने सुटली होती, पण निवडणुकीची वेळ येण्याआधी 4 ऑक्टोबरला विधानसभाच बरखास्त झाली आणि 10 नोव्हेंबरला सगळ्या जागांचं मतदान झालं. त्यात परत 60-0. अशा निकालानंतर विरोधकांना घरात जायला बेस्ट लूझरशिवाय दार नसतं, म्हणून पुढच्या पाच वर्षांत एखादी जागा रिकामी झाली तर तिची किंमत नेहमीच्या दहापट असेल. हा माझा अंदाज, बाकी काही नाही.

आता तुमचं मत. हो, खरं आहे. इथली घटना मतदार म्हणून मॉरिशसचा नागरिक मागत नाही, 'कॉमनवेल्थ नागरिक' मागते: वय 18 पूर्ण, आणि ठरलेल्या तारखेआधी सलग किमान दोन वर्षं इथे वास्तव्य. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून तुम्ही बसता. इतकंच काय, उमेदवार व्हायलाही नागरिकत्व लागत नाही. एकूण दोन वर्षांचं वास्तव्य, अर्जाच्या आधीचे सहा महिने इथेच, आणि इंग्रजी बोलता-वाचता येणं. उलट माझ्याकडे भारताचं ओ.सी.आय. कार्ड असूनही तिकडे मी मत देऊ शकत नाही, याची आमच्या घरी थट्टा होते.

पण पात्र असणं वेगळं आणि यादीत असणं वेगळं. पार्सियेल जाहीर झाल्यावर धावत जाऊन नाव घालता येत नाही. ती निवडणूक त्या वेळी लागू असलेल्या यादीवरच होते. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीला होते, तेव्हा कर्मचारी घरोघर येतात, आणि नवी यादी ऑगस्टच्या मध्यापासून लागू होते. भाडेकरूंच्या बाबतीत नेहमी घोळ होतो: घरमालक दारात आपल्या घरच्यांची नावं सांगतो आणि वरच्या मजल्यावरच्या तुम्हाला विसरतो. म्हणून जानेवारीत घरमालकाला आधीच सांगून ठेवा, आणि तात्पुरती यादी लागली की स्वतः जाऊन बघा. माझ्या ओळखीचे दोन भारतीय इंजिनियर सहा वर्षं इथे राहून यादीत नव्हते, केवळ कोणी विचारलं नाही म्हणून.

एक सांगून ठेवतो. परदेशी कामगारांच्या मतांवरून इथे गेल्या काही निवडणुकांत बरीच आरडाओरड झाली आहे. तुम्ही केंद्रावर गेलात आणि एखाद्या एजंटने नाव-पत्ता दोनदा विचारला, तर रागावू नका. तो त्याचं काम करतोय, मीही केलंय. ओळखपत्र जवळ ठेवा. तुमचा आवडता पक्ष मात्र ऑफिसात सांगत फिरू नका, पाहुण्याच्या तोंडून ते कोणालाच गोड लागत नाही. आणि मतपत्रिका हातात आली की आधी वरची सूचना वाचा, त्या दिवशी फुल्या किती मारायच्या आहेत ते.